वायव्येला बसवलेलं शौचालय

टिटवाळ्याच्या त्या शाळेत कॅड शिकवायचं ठरलं तेव्हा कॅड म्हणजे काय हे शाळेत कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच कोणाची हरकत नव्हती. नववी-दहावीला एक व्यवसाय विषय घ्यायचा होता. शेती घ्यावी तर शाळेभोवती शेती उरली नव्हती, जिकडे तिकडे सात-सात मजली टॉवर उगवलेले. ब्युटी पार्लर घ्यावं तर मुख्याध्यापक लाजले. मग उरलं ते हे. कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायला शिकवणार म्हटल्यावर संस्थेचे अध्यक्ष भगवानशेठ भोपी खूश झाले. ते स्वतः बिल्डर. नकाशा म्हणजे जे आपण कधीच बांधत नाही ते, एवढी त्यांना या विषयाची जाण होती.

लॅबचं उद्घाटन दणक्यात झालं. शाल, श्रीफळ, रांगोळी, सगळं यथासांग. कॉम्प्युटरना हार घातले, आणि तेही असे भरगच्च की झेंडूच्या पाकळ्या पंख्यात अडकून एक मशीन पहिल्याच दिवशी बसलं. शिकवायला कंत्राटावर आली दीप्ती हाटे. सिव्हिलचा डिप्लोमा, नौपाड्यातल्या एका आर्किटेक्टकडे बरीच वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी. बाई असली तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. ते ऑफिस बंद पडलं आणि कल्याणची ही बाई ठाण्याकडे जायची ती आता टिटवाळ्याकडे यायला लागली. तिला एकच तोरा होता, की आपण खोटी रेघ काढत नाही. असले तोरे नेमके कंत्राटी माणसांनाच कसे असतात, देव जाणे.

पहिल्या आठवड्यात तिने मुलांना वर्गाचा दरवाजा काढायला सांगितलं. एकाचा दरवाजा एकवीसशे मीटर उंच झाला, पार हाजीमलंगच्या डोंगराला लाजवणारा. दुसऱ्याचा एवढा झाला की मुंगीलाही वाकून जावं लागलं असतं. मिलिमीटर की मीटर हे आधी बघायचं असतं, हे सांगून सांगून तिचा घसा बसला. मग एका सोमवारी सगळ्या वर्गाचे दरवाजे एकदम अचूक आले. दीप्ती हरखली. जरा निरखून बघितलं तर प्रत्येक नकाशाच्या खाली नाव सूरजचं. कॉपी मारताना नाव बदलायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. तिने सूरजला उभं केलं, तर तोही बावचळला, कारण त्याने ते त्याच्या आयटीआयवाल्या भावाकडून काढून आणलं होतं आणि आपण नाव कधी टाकलं हे त्याला आठवत नव्हतं.

तेव्हा तिने ठरवलं, ज्याची कॉपी मिळत नाही तेच काढायला द्यायचं. आपली शाळाच मोजायची. मुलांच्या हातात टेप दिली, गट पाडले आणि सगळ्यांना मैदानात उभं केलं. आधी दिशा समजावल्या. उगवत्या सूर्याकडे तोंड करा, डावा हात पसरा, ती उत्तर दिशा, हे चौथीत शिकलेलं त्यांना नव्याने शिकवलं. मग भाषण दिलं. नकाशात भिंत सरकवा, जिना हलवा, खिडकी मोठी करा, सगळं आपल्या हातात आहे. पण कागदाच्या कोपऱ्यात जो उत्तर दिशेचा बाण असतो, तो आपला नाही. त्याला हात लावायचा नाही. हे तिने इतक्या भक्तिभावाने सांगितलं की मागच्या रांगेतल्या एका मुलाने सवयीने हात जोडले.

सर्वांत चांगलं काम सान्वीच्या गटाचं होतं. सान्वी आंबिवलीच्या एका चाळीतून यायची. बोलायला फटकळ आणि हिशोबाला पक्की. टेपला झोल पडला की समोरच्याला घालूनपाडून बोलायची. फेब्रुवारीचं ऊन चांगलंच चढलेलं, पोरांनी पाण्याचा जार रिकामा करत आणला, पण एकाही मुलीने ग्लासाला हात लावला नाही. दीप्तीने आग्रह केला. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी सान्वीनेच, काय बाई आहे, एवढंही कळत नाही, अशा चेहऱ्याने सांगून टाकलं. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नाही.

जागा होती, तशी कागदावर होती. मुलींच्या शौचालयाचा पत्रा उडाला त्याला तीन वर्षं झाली होती. त्यानंतर तिथे मोडके बाक ठेवले, मग जुने फळे, मग गॅदरिंगच्या नाटकाचा पुठ्ठ्याचा राजवाडा, आणि शेवटी दाराला कुलूप. जवळ राहणाऱ्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या. लांबच्या दिवसभर ओठ कोरडे ठेवायच्या, आणि महिन्याचे ते दिवस आले की सरळ घरी बसायच्या. दहावीतली ऐश्वर्या लघवीच्या इन्फेक्शनने कल्याणला दवाखान्यात पडून होती. हजेरीपटावर ती नुसती आजारी होती. शिक्षिकांसाठी एक शौचालय होतं, त्याची चावी ऑफिसात. दीप्तीने दोनदा ती मुलींना दिली, तर हेडक्लार्कनी तिला समजावलं, की एकीला दिली की उद्या सगळ्या मागतील. जणू सगळ्यांना लागणं हा मुलींचा कट होता.

नाही म्हणायला एक वाट निघाली होती. ठाण्यातल्या बायकांचा एक क्लब मुलींसाठी शौचालय बांधून द्यायला तयार होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की जुन्याची डागडुजी नको, नवंच हवं, नकाशा मुलींनी स्वतः काढलेला हवा, म्हणजे फोटोला बरं, आणि महिनाअखेरीच्या आत संस्थेची मंजुरी हवी. नाहीतर आसनगावची एक शाळा ताटकळत होती, तिला दिलं असतं. दीप्तीने हे काम सान्वीला दिलं आणि ती पोरगी कॉम्प्युटरसमोरून उठेना. दार मैदानाकडे नको, आडोशाची भिंत हवी, झरोके एवढे वर की बाहेरून उडी मारूनही काही दिसू नये. दप्तर टांगायला खुंटी, कचऱ्याचा डबा दाराआड. दाराला आतून कडी तर तिने इतकी मन लावून काढली की दीप्तीला सांगावं लागलं, अगं, एवढ्या लहान स्केलला कडी दाखवत नाहीत. सान्वी म्हणाली, मग स्केल बदला.

नौपाड्यात दीप्तीने टॉवर काढले होते, क्लबहाऊस काढलं होतं, एका डॉक्टरच्या कुत्र्यासाठी वेगळी खोलीही काढली होती. पण कुठल्या नकाशात माणसाची गरज इतकी नेमकी उतरलेली तिने पाहिली नव्हती. शाळेचा पूर्ण नकाशा, त्यात रिकाम्या कोपऱ्यात हे नवं शौचालय, खाली रेखाटन करणार म्हणून सान्वीचं नाव. प्रिंट घेऊन ती मुख्याध्यापकांकडे गेली.

मुख्याध्यापक सुदेश दळवी सर म्हणजे सज्जन माणूस. इतका सज्जन की त्यांच्यामुळे आजवर कोणाचं काही वाईट झालं नव्हतं आणि चांगलंही. त्यांनी चष्मा पुसला, नकाशा पाहिला, फार सुंदर म्हणाले आणि परत दिला. दीप्तीला कळेना. तेव्हा सरांनी हळू आवाजात सांगितलं, की मॅडम, हा कोपरा ईशान्य आहे. ईशान्य म्हणजे देवाचा कोपरा. भगवानशेठ त्यांच्या वास्तुवाल्या गोपीनाथ काकांना विचारल्याशिवाय एक वीट हलवत नाहीत, आणि ईशान्येत संडास पाहिला की काका फुली मारणार. एकदा फुली पडली की मग ब्रह्मदेव आला तरी शेठ ऐकायचे नाहीत. तेव्हा हे त्यांना न दाखवलेलंच बरं. पुढच्या वर्षी बघू.

हे गोपीनाथ काका डोंबिवलीचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर कंटाळा आला म्हणून वास्तुतज्ज्ञ झालेले. पत्रीपुलाच्या ट्रॅफिकला आणि गुडघ्यांना वैतागून त्यांनी जागेवर जाणं केव्हाच सोडलं होतं. व्हॉट्सॲपवर नकाशाची पीडीएफ पाठवायची, काका सोफ्यावर बसून दिशांचे गुणदोष सांगायचे. दैवी शक्ती पीडीएफमधूनही व्यवस्थित येतात असा त्यांचा अनुभव होता.

दीप्तीने विचारलं, काकांना कुठला कोपरा चालतो. सर म्हणाले, संडासाला वायव्य उत्तम. तर वायव्येला कॅडची लॅब. नैऋत्येला खुद्द शेठचं दालन, त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. आग्नेयेला गेट आणि विजेचा डीपी. म्हणजे रिकामा कोपरा जगात एकच, आणि तो देवाने आधीच धरून ठेवलेला. दीप्ती तणतणत लॅबमध्ये आली. देवाला एवढी मोठी ईशान्य लागते आणि पोरींना चार हात जागा मिळत नाही, हे तिला काही केल्या गिळवेना. तिने मुलींना खरं काय ते सांगून टाकलं. सांगताना तिची नजर वर होत नव्हती.

वर्ग सुटला, सगळे गेले, सान्वी तिथेच. स्क्रीनवर शाळेचा नकाशा उघडा. ती म्हणाली,

"मॅडम, बाण फिरवला तर?"

ही युक्ती दीप्तीला चांगली माहीत होती. नौपाड्यातल्या त्या ऑफिसात गिऱ्हाइकाच्या वास्तुवाल्याने स्वयंपाकघर नापास केलं की साहेब म्हणायचे, अहो, भिंती कुठे तोडत बसता, जरा बाण फिरवा की. शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन चहाचा घोट न सोडता फिरवायचा. कागदावर सूर्य स्वयंपाकघरात उगवायचा, प्रत्यक्षात जिन्यात. आणि गिऱ्हाईक त्या घरात सुखाने नांदायचं. दीप्तीने मात्र ते कधी केलं नव्हतं. साहेबांचं तोंड वाकडं झालं तरी केलं नव्हतं. तोच तर तिचा तोरा.

तिने सान्वीला बसवून समजावलं. आपण भिंत बदलतो, दिशा बदलत नाही. आज एका बाणाशी खोटं बोललो की उद्या कुठल्याच रेघेवर कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय कागद एक असला की त्यावरची उत्तर दिशाही एकच असते. तो बाण फिरला की शाळेतली प्रत्येक खोली फिरते. बरंच काही बोलली, आणि चांगलं बोलली. सान्वीने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, उत्तर दिशेला कुठे जायचं नसतं," ती म्हणाली. "आम्हाला जायचं असतं."

यावर डिप्लोम्याच्या तिन्ही वर्षांत दीप्तीला काही शिकवलेलं नव्हतं. मग तिने पोरीला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि माऊस हातात घेतला. बाण निवडला. फिरवायची कमांड दिली. नव्वद अंश. वर बघणारा बाण मुकाट्याने उजवीकडे बघायला लागला आणि वरचा उजवा कोपरा, जो पिढ्यान् पिढ्या ईशान्य होता, तो वायव्य झाला. भूकंप वगैरे काही झाला नाही. पंखा फिरत होता तसा फिरत राहिला. दीप्तीला मात्र खरंच कसंसं झालं, उष्टं खाल्ल्यासारखं.

त्यानंतर तिने खालच्या चौकटीतलं सान्वीचं नाव खोडलं आणि स्वतःचं घातलं. सान्वी उसळली. कडी मी काढली, झरोके मी काढले, नाव तुमचं का? दीप्ती एवढंच म्हणाली, की उद्या विचारणा झाली तर ज्याचं नाव असतं त्याला करतात. पोरगी दप्तर उचलून गेली आणि दोन-तीन दिवस मॅडमशी बोलली नाही. हे दीप्तीला बाणापेक्षा जास्त लागलं.

नवी प्रिंट सुदेश सरांसमोर गेली. सरांनी उभी हयात भूगोल शिकवला होता. त्यांनी नकाशा पाहिला, खिडकीतून बाहेर पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि सही केली. चष्म्याशिवाय केलेली सही म्हणजे अज्ञानातली सही, अशी त्यांनी सोय करून ठेवली असावी.

काकांचा निरोप चहा निवायच्या आत आला. वायव्य. उत्तम. पुढे जोडलेले हात. शेठनी मंजुरी दिली, क्लबच्या बायका येऊन फोटो काढून गेल्या. नकाशा नेमका कोणत्या मुलीने काढला असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून काढला असं सांगून वेळ मारून नेली. कोपऱ्यात चर खणले गेले. जोतं झालं, भिंती चढल्या, दारावरच्या लिंटलपर्यंत आल्या. मुली मधल्या सुट्टीत डबा तिथेच जाऊन खायच्या, लग्नघराचा मांडव बघावा तशा. सान्वी टेप घेऊन गवंड्याच्या मागे असायची आणि गवंडी तिला टरकून असायचे. दीप्तीला वाटलं, सुटलो. एवढं एक पाप पचलं.

पण डोंबिवलीत काका रिकामे होते. एका दुपारी त्यांनी ती पीडीएफ पुन्हा उघडली, दोन बोटांनी मोठी केली आणि सोफ्यावर ताठ बसले. शेठचं दालन आग्नेयेत! साक्षात अग्नीच्या तोंडात! त्यांनी लगेच फोन लावला. शेठची ॲसिडिटी, खडवलीच्या जमिनीची कोर्टकेस, धाकट्या मुलाचं सीएत गटांगळ्या खाणं, सगळ्याचा उलगडा एका फटक्यात झाला. आग्नेयेत बसून ॲसिडिटी नाही होणार तर काय थंडावा मिळणार? खरी गोष्ट अशी, की तो माणूस इतकी वर्षं अगदी शास्त्राप्रमाणे नैऋत्येत बसून हे सगळं भोगत होता. पण शास्त्रावर ठपका ठेवायची रीत नाही. काकांनी उपाय सांगितला, की यजमानाने नैऋत्येतच बसावं, आणि ताबडतोब. फिरलेल्या कागदावर नैऋत्येला काय होतं? कॅडची लॅब.

ही बातमी सुदेश सरांनी दीप्तीला सांगितली तेव्हा त्यांनी पुन्हा चष्मा काढलेला होता. लॅब रिकामी करायची, तिथे शेठचं दालन. जुनं दालन पाहुण्यांना ठेवायचं. आणि लॅब कुठे? त्याचं पुढे बघू. पुढे बघू म्हणजे काय हे दीप्तीला आता पाठ झालं होतं. लॅब नाही म्हणजे विषय नाही, आणि विषय नाही म्हणजे ती नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा भयंकर राग आला. सान्वीला केवढ्या दिमाखात सांगितलं होतं, की प्रत्येक खोली फिरते. स्वतःची खोली त्यात मोजायची राहिली होती. आणि ही लॅब काय नुसती खोली होती? एकवीसशे मीटरचा दरवाजा काढणारी पोरं आता जिन्याच्या पायऱ्या बिनचूक मांडत होती. सूरजसुद्धा हल्ली स्वतःच्या चुका स्वतः करायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानशेठ स्वतः आले. प्रिंट हातात, मागे सर, आणि सरांच्या मागे शिपाई. शेठ लॅबकडे न जाता मैदानात आले, अर्धवट बांधकामासमोर उभे राहिले आणि त्यांनी दीप्तीला बोलावून घेतलं. पहिल्या मजल्याच्या कठड्याला पोरी लोंबकळून बघत होत्या. शेठनी नकाशा सरळ धरला, मग आडवा धरला. समोरून ऊन तोंडावर येत होतं म्हणून एक डोळा बारीक केला. या जमिनीवर त्यांच्या बापाने भात पिकवलेला, आणि लहानपणी ते स्वतः चिखलात उतरलेले. सकाळचं ऊन कुठून येतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"मॅडम, या कागदावर समोर उत्तर आहे," ते म्हणाले. "आणि सूर्य पण समोरच आहे."

सुदेश सर जमिनीकडे बघायला लागले. शेठचा आवाज चढलेला नव्हता, उलट मऊ होता, फ्लॅटचा सौदा करताना असतो तसा. ते म्हणाले, चूक माणसाकडूनच होते. बाण चुकला असेल तर चुकला म्हणून सांगा. मी काकांना कळवतो, माझी खोली मला, तुमची लॅब तुम्हाला, पुढल्या वर्षीचं तुमचं पत्रही आजच काढू. फक्त हे जे उभं राहिलंय ते मग ईशान्येत येतं, ते ठेवता येणार नाही. क्लबच्या बायकांचं काय ते मी बघून घेतो. आता तुम्हीच सांगा, नकाशा तुमच्या नावाचा आहे.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा काकांच्या फोनची भीती जास्त होती, आणि आता एका कंत्राटी बाईच्या तोंडून निकाल हवा होता. दीप्तीला त्याची चीड आली. त्याहून जास्त चीड आली ती स्वतःच्या मनाची, कारण ते हावरटासारखं लॅबकडे धावत होतं. एक खरं वाक्य बोलायचं होतं फक्त. उभ्या आयुष्यात खरं बोलण्याचं एवढं मोठं बक्षीस तिला कोणी देऊ केलं नव्हतं. नौपाड्यातल्या साहेबांनी तर दरवेळी खोट्याचंच देऊ केलं होतं. तिने वर बघितलं. कठड्यावरची एकही पोरगी हलत नव्हती. सान्वीने दोन्ही हातांनी कठडा धरलेला.

"दिशा बरोबर आहे, शेठ," दीप्ती म्हणाली. "मी स्वतः तपासलीय."

शेठनी कागदाची घडी घातली, ती उन्हाला आडवी धरली आणि शिपायाला हाक मारली.

"चला. सूर्यच चुकलाय मग," ते म्हणाले. "लॅब खाली करा."

लॅब त्याच दिवशी खाली झाली. कॉम्प्युटर कुठे ठेवायचे यावर ऑफिसात चर्चा झाली, आणि मुलींच्या जुन्या शौचालयाचं कुलूप उघडून गॅदरिंगच्या राजवाड्याशेजारी ते नीट रचण्यात आले. वर पत्रा नव्हता म्हणून ताडपत्री टाकली. शेठ लॅबमध्ये बसायला लागले. ॲसिडिटीला उतार पडला म्हणे. कोर्टाची पुढची तारीख पडली, पण तारीख पडणं हेही काकांच्या मते शुभच होतं. दीप्तीचा वर्ग व्हरांड्यात आला. परीक्षेपर्यंत शिकवायचं होतं, पुढे कंत्राट नव्हतं. तिने फळ्यावर स्क्रीन काढला, कमांड खडूने लिहिल्या. पोरं बोटाने हवेत क्लिक करायची. कॉम्प्युटरशिवाय कॅड शिकवणारी शाळा म्हणून खरं तर जिल्ह्यात सत्कार व्हायला हवा होता.

शौचालयाचं उद्घाटन झालं. दारावर संगमरवरी पाटी बसली. प्रेरणास्थान भगवानशेठ, मार्गदर्शक वास्तुतज्ज्ञ गोपीनाथ काका, सौजन्य क्लबचं. काकांनी डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर आशीर्वाद दिले. दीप्तीचं नाव पाटीवर नव्हतं, सान्वीचंही नव्हतं. सान्वी पाटी वाचून आली आणि म्हणाली, बरं झालं, विचारणा झाली तर आता यांना होईल. ती मॅडमशी पुन्हा बोलायला लागली होती, एवढं दीप्तीला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला दीप्ती फळ्यावर इमारतीचा उभा छेद शिकवत होती. एका मुलीने जाऊ का विचारलं. मग दुसरीने. मग कोणी विचारेना, सगळ्याच उठल्या आणि निघाल्या. व्हरांड्यात उरली फक्त पोरं. सूरज कुरकुरला, की मॅडम, ह्यांना बरं, आम्हीच का बसायचं. दीप्ती हातात खडू धरून थांबली. लांब कोपऱ्यात पोरींची रांग लागलेली, धक्काबुक्की, हसणं, आतून कोणीतरी गाणं म्हणत होतं. तिला लॅबची आठवण आली, आणि ती खरंच टोचली. तरी तिचा जीव त्या आवाजात रमला होता.

तेवढ्यात फेरी मारत सुदेश सर आले. अर्धी रिकामी सतरंजी पाहून थबकले. मुली कुठे, विचारलं. तिने हात केला. सरांनी तिकडे पाहिलं आणि जरा अवघडून म्हणाले, की मॅडम, भर तासाला अशी सगळ्यांनी एकदम जायची पद्धत बरी दिसत नाही. शिस्त म्हणून काही आहे.

"तीन वर्षं दाबून धरलंय त्यांनी, सर," दीप्ती म्हणाली. "जाऊ देत."